मानशीचं दार कोण उघडतं? गोव्यातल्या पाणथळांची पुस्तिका, सगळ्यांनी मिळून

पाटीपेन्सिल | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

काल २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. पत्रक आलं होतं म्हणून आमच्याकडेही चित्रकला स्पर्धा घेतली. तिसवाडीतल्या एका बेटावरची मराठी प्राथमिक शाळा, चारही वर्ग मिळून २३ मुलं. मुलांनी काढलं काय, तर निळं गोल तळं, मधे कमळ, काठावर गुलाबी रोहित पक्षी, मागे दोन डोंगर आणि मधोमध सूर्य. १९ चित्रांत रोहित! आमच्या गावात रोहित कुणी पाहिलेला नाही. शाळेच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की चारशे पावलांवर खाजन (नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, बांध आहे, मानस (बांधातलं पाण्याचं दार) आहे. त्यातलं एकाही चित्रात नाही.

एकाही म्हटलं, पण एक होतं. तिसरीतल्या एका मुलाने पानभर नुसतं लाकडी दार काढलं होतं. मला वाटलं, चित्र अर्धवट राहिलं. "अरे, तळं कुठाय?" असं विचारलं तर म्हणाला, "बाई, दार बंद आसा. उदक भायर आसा."

बक्षीस मी रोहितवाल्या मुलीला देऊन बसले होते. रात्रभर ते दार डोक्यात.

तर विनंती अशी. आपल्या भागातल्या पाणथळ जागांवर मुलांसाठी एक छोटी पुस्तिका करायची आहे. छापील पोस्टरवरचं नको. इथे गोव्यातले बरेच जण आहेत, शेती केलेले आहेत, पक्षी पाहणारे आहेत. आपल्या गावचं पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कोण सोडतं, ते ज्याला जे ठाऊक आहे त्याने लिहावं. मी जुळवेन.

म्हापशेकर | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४२

छान उपक्रम. वाचतोय.

मानशीकडचा | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

बाई, त्या पोराला बक्षीस द्या आधी. सगळ्यांत अचूक चित्र त्याचंच आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या खाजनात शेती केली, मी शेवटचा. समजेल असं लिहितो.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याकडून मागून घेतलेली जमीन. भरतीच्या वेळी नदीची पातळी आमच्या शेतापेक्षा वर असते. मधे बांध नसेल तर दिवसातून दोनदा शेत बुडेल. हा बांध चिखलाचा. नदीतलाच चिकट चिखल, त्यात भाताचा पेंढा, आणि नदीकडच्या अंगाला चिरे. सिमेंटचा बांध चांगला असं लोकांना वाटतं. चिखलाचा बांध दरवर्षी डागावा (दुरुस्त करावा) लागतो हे खरं, पण तो डागता येतो. सिमेंटला खालून पाणी लागलं की आख्खा तुकडा बसतो.

आता मानस. बांधात चिऱ्यांच्या भिंती घालून वाट ठेवलेली असते, तिला लाकडी झडपा. झडपा अशा टांगलेल्या की बाहेरून पाणी रेटायला लागलं की त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी रेटायला लागलं की उघडतात. तुमच्या धाग्याच्या नावाचं उत्तर हेच. दार भरती लावते, ओहोटी उघडते. वीज नाही, मोटार नाही, माणूससुद्धा लागत नाही.

आतल्या बाजूला खोल जागा असते, पोंय. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी तिथे येऊन थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर पडतं. जूनमध्ये पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतात, ते खारट पाणी मानशीतून काढून टाकायचं, मगच पेरणी. घाई केली की बी जळतं. भात कोरगुट, खारेपणा सोसणारं, उंच वाढणारं. पाणी चढलं तरी लोंबी वर राहते, पेंढा गुरांना.

बाकी उद्या. सकाळी फेरी पकडायची आहे.

अडई | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

@मानशीकडचा, याला म्हणतात प्रतिसाद!

मी पक्ष्यांचं बघते. पण आधी रोहितांची बाजू घेते: मुलांना रोहित माहीत असतो कारण तो कॅलेंडरवर असतो. आपल्याकडच्या बदकांना कॅलेंडर मिळालेलं नाही एवढंच. माझा आयडी ज्या पक्ष्यावरून घेतलाय ती अडई घ्या. तपकिरी, किरकोळ दिसणारं बदक. उडताना शीळ घालतं. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात यांचे थवेच्या थवे असतात. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्थानकाजवळ मोबाइल खाली ठेवून खिडकीतून बघा.

कमळपक्षी मुलांना नक्की आवडेल. पायाची बोटं इतकी लांब की पाण्यावरच्या पानांवरून चालतो. अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नराकडे. माझ्याबरोबर आलेल्या एका चौथीतल्या मुलीने हे ऐकून वडिलांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

आणखी: जांभळी पाणकोंबडी, लहान पाणकावळा, खंड्या, ब्राह्मणी घार (तांबडी पाठ, पांढरं डोकं, मुलांना लगेच ओळखता येते). खाजनाच्या चिखलात हिवाळ्यात तुतार्‍या (चिखलात चरणारे छोटे पक्षी) येतात, त्या वेगवेगळ्या ओळखायच्या भानगडीत पडू नका. मलाही वीस वर्षांत धड जमलेलं नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. पुढच्या वर्षी मुलांना घेऊन या. मोजता आले नाहीत तरी चालेल, दुर्बीण धरायला तर शिकतील.

पुणेरी_वाटसरू | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

भाबडा प्रश्न. पाणथळ म्हणजे दलदलच ना? डास, वास, साप. लहानपणी आमच्या घरामागची दलदल भरून घेतली तेव्हा सगळा वाडा सुटलो म्हणाला होता. ती राखायची कशासाठी?

मानशीकडचा | ४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

@पुणेरी_वाटसरू, राग नाही. पण घरामागची दलदल भरल्यावर पावसाळ्यात पाणी कुणाच्या घरात शिरायला लागलं, ते विचारा एकदा.

डासांचं म्हणाल तर मासे असलेल्या वाहत्या-बदलत्या पाण्यापेक्षा गच्चीवरच्या टायरात आणि कुंडीखालच्या बशीत ते जास्त खुशीत असतात. आमच्या पोंयत शेवटे, काळुंदर, सुंगटं, चणाक असतात. ते डासांच्या अळ्या ठेवतील होय?

कुडचडेकार | ४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आमच्या कुडचड्याच्या नंदा तळ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मीच बोलतो. गोव्यातली पहिली रामसर जागा, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक यादीत आली. ४२ हेक्टर. झुवारीच्या उपनदीला लागून.

बातमी आल्यावर माझ्या काकीने शेजारणीला सांगितलं की आपल्या तळ्याला रामाचं नाव दिलं, रामसर, म्हणजे रामाचं सरोवर. मी म्हटलं, काकी, रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ मध्ये २ फेब्रुवारीलाच पाणथळं राखायचा करार झाला आणि भारत त्यात १९८२ मध्ये गेला. ती म्हणाली, "असूं दे, रामाचं म्हटलं तर कोण कचरा तरी टाकणार नाही."

बाईंच्या पुस्तिकेसाठी खरी गंमत सांगतो. बाहेरचे पाहुणे भर पावसात जुलैत येतात आणि विचारतात, तळं कुठे? कारण त्या वेळी समोर तळं नसतं, भातशेती असते! पावसाळ्यात पाणी सोडलेलं, पाऊस सरला की अडवलेलं. जगातली तळी पावसात भरतात, आमचं पावसानंतर. ते साठवलेलं पाणी खालच्या शेतांना. म्हणजे तळं आणि शेत अशा दोन जागा नाहीत, एकच जागा, वेळा दोन. "पाणथळ म्हणजे कायम पाण्याखाली असलेली जागा" अशी व्याख्या मुलांना पाठ करायला लावलीत तर आमचं तळं त्यात बसणार नाही.

अडई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

काकींना माझा नमस्कार सांगा. 😄

कंटाळलेला_गोंयकार | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

चालू द्या. पुस्तिका काढा, पक्षी रंगवा. हायवेच्या कडेने रोज रात्री ट्रक येऊन शेतात माती ओततात ते आम्ही गाडीतून बघतो. पाच वर्षांनी तिथे "खाजन व्ह्यू" नावाची इमारत असेल. तिसरीतल्या पोरांना शिकवून काय होणार? शिकवायचं तर माती ओतणाऱ्यांना शिकवा.

कलमवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

@कंटाळलेला_गोंयकार, कंटाळा समजू शकतो, पण कायद्याचं थोडं मोठ्यांनीही शिकायला हवं. थोडक्यात लिहितो, मुलांना हे नको, पालकांना द्या.

पाणथळ संवर्धनाचे सध्याचे नियम २०१७ चे. आधीचे २०१० चे. लोकांना वाटतं, पाणी दिसतंय म्हणजे हे नियम लागू. तसं नाही. २०१७ च्या व्याख्येतून नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, सिंचनाची तळी, मत्स्यशेती आणि मिठागरं वगळलेली आहेत. आता आपल्याकडच्या जागा एकेक करून आठवा. नंदासारखी अधिसूचित झालेली तळी सुरक्षित, पण खाजन भातशेती म्हणून बाहेर, आगरवाड्याची मिठागरं मिठागरं म्हणून बाहेर.

मग खाजनाला वाली कोण? २०११ ची किनारी नियमन अधिसूचना. तिच्यात गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात 'खाजन' हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. खाजनं नकाशावर आणावीत, त्यांच्या कडेची खारफुटी राखावी, व्यवस्थापन आराखडा करावा आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये, असं तिथे लिहिलंय. दिल्लीच्या कागदात गावठी शब्द येतो तो उगीच नाही येत, कुणीतरी भांडलेलं असतं.

आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) वाचायला शिकवा, सातवीपासून जमेल. ज्या जमिनीवर माती पडतेय तिचा सर्व्हे नंबर सांगता आला तर तक्रारीला अर्थ. "त्या वडाच्या पलीकडे" असं लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही.

चिंबलची_चिंच | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

अधिसूचित झालं की सुरक्षित, हे वाक्य मागे घ्या. आमचं तोयार तळं अधिसूचित आहे. तरी त्याच्या शेजारी मॉलचं ठरलंच होतं आणि गावाला रस्त्यावर बसावं लागलं.

कलमवाला | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:३२

मान्य. "सुरक्षित"च्या जागी "भांडायला कागद हातात" असं वाचावे.

मानशीकडचा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४५

राहिलेलं लिहितो. थोडं कडू आहे.

पूर्वी बांध राखायचं काम गावकारीचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), म्हणजे पुढची कोमुनिदाद. पोर्तुगीज आले तेव्हा ही पद्धत आधीपासून चालू होती, १५२६ च्या फोरालात (सनदेत) त्यांनी ती लिहून घेतली. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची, त्या पैशातून बांधाची डागडुजी. माशाने भात राखायचं, असा हिशेब. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती आली, कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते व्हायलाच हवं होतं, आमच्यासारख्यांना त्यानेच जमीन मिळाली. पण बांध कुणाचा, याचं उत्तर त्या गडबडीत ढिलं झालं. कुळांच्या संघटना झाल्या, काही चांगल्या चालल्या, काही कागदावर.

पावणी मात्र राहिली. मानस घेणाऱ्याला मासा हवा, आणि मासा जास्त हवा तर खारं पाणी आत जास्त यायला हवं. मग झडपेत पाचर मारून ठेवायची, भरतीला दार मिटतच नाही. एक-दोन उधाणांत पाणी शेतात. वर्षभर शेत खारं, शेतकरी सोडून देतो, मग तिथे तिवर (खारफुटीचं झाड) उगवते. तिवर उगवली की कायद्याने ती तोडायची नाही. आणि शेजारचा माणूस म्हणतो, बघा, निसर्ग किती छान परत आला!

बांधाच्या बाहेरची तिवर आणि कांदळ लाटेचा मार खातात, म्हणून आमचे वडील त्यांना हात लावू देत नसत. तीच तिवर बांधाच्या आत दिसली तर समजायचं, शेत हरलं. हे दोन्ही मुलांना सांगा. नुसतं "खारफुटी वाचवा" सांगून पाठवलंत तर ती आमच्याशी भांडतील.

अडई | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

हे मला पटायला वेळ लागला. माझी पहिली प्रतिक्रिया होती की आत उगवलेली तिवरही राहू द्या, पक्षी येतात. चोडणचं सलीम अली अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, जवळजवळ सगळी खारफुटी, आणि मी तिथली पंखा. पण पडीक खाजनात तिवर दाट झाली की उथळ चिखलावर चरणारे पक्षी कमी होतात हेही मी पाहिलंय. भातकापणीनंतरच्या खाजनात जितके बगळे, शराटी दिसतात तितके त्या दाटीत नाहीत. पुस्तिकेत दोन्ही बाजू याव्यात. मुलं गोंधळली तर गोंधळू देत.

शब्दखोर | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

पुस्तिका मराठीत म्हणता आणि मानस, पोंय, पावणी, चणाक सगळे कोंकणी शब्द. मराठीत "जलद्वार" म्हणता येईल.

पाटीपेन्सिल | ६ फेब्रुवारी, दुपारी २:१५

शब्दखोरजी, नको. माझी मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि मानशीला दोन्हीकडे मानसच म्हणतात. जलद्वार म्हटलं तर त्यांना धरण वाटेल. सरद (पावसाळी पीक) आणि वायंगण (हिवाळी पीक) हेही तसेच ठेवणार.

बाकी सर्वांना धन्यवाद. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. @कंटाळलेला_गोंयकार, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. माती ओतणारे माझ्या वर्गात येत नाहीत. बुधवारचा परिसर अभ्यासाचा तास मात्र माझ्याकडे आहे, तेवढाच वापरते.

ठरवलंय असं: पुस्तिकेत प्रकरणं नाहीत, गावाचं पाण्याचं वर्ष. जूनपासून मेपर्यंत बारा पानं. प्रत्येक पानावर पाणी कुठे आहे, दार कसं आहे, शेतात काय, पोंयत काय, आभाळात कोण. माहिती मुलं घरच्यांना विचारून आणतील.

बोरीकर | ६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

पौषाच्या पानावर जागा ठेवा. आमच्याकडे पौष अमावास्येला मानगे थापणी असते. खाजनाकाठी चिखलाची मगर थापतात, पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही खऱ्या मगरी आहेत, ज्या पाण्यात भरती-ओहोटी आहे त्या पाण्यात. ज्या चिखलाने बांध घालायचा त्याच चिखलाची मगर, आणि तिलाच म्हणायचं, शेत सांभाळ. मुलांना थापायला द्या, लिहायला लावायच्या आधी.

कलमवाला | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:००

बाई, व्यवहाराची गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची बारा पानं झाली की एक प्रत समितीला रीतसर पत्राने द्या, पोच घ्या. मुलांच्या हस्ताक्षरातली असली तरी चालेल. उद्या कुणी म्हणालं की इथे काही नव्हतंच, तर तारखेसह कागद असेल.

कंटाळलेला_गोंयकार | ७ फेब्रुवारी, रात्री ११:३०

पोच घ्यायला विसरू नका. अनुभवाने सांगतो.

(छपाईचे पैसे लागले तर कळवा.)

पाटीपेन्सिल | २१ फेब्रुवारी, रात्री ८:४०

वृत्तांत.

आज सकाळी मुलांना मानशीवर नेलं. पालकांची परवानगी, दोन आया बरोबर, बांधावर एका ओळीत. दार काढणाऱ्या मुलाचे आजोबा आले होते. त्यांना म्हटलं, मुलांना चार शब्द सांगा. म्हणाले, "सांगपाचें कितें? पळेयात." (सांगायचं काय? बघा.) आणि चिऱ्यावर बसून राहिले.

आम्ही दोन बांबूंना हातहातभर अंतरावर रंगाच्या रेघा मारल्या होत्या. एक नदीच्या बाजूला रोवला, एक पोंयच्या. दर अर्ध्या तासाने दोन्हीकडची रेघ मुलं वहीत लिहीत होती. पहिला तास कंटाळवाणा गेला, दोघांनी खेकड्याच्या बिळात काटक्या घातल्या. आजोबा तेवढ्यावर ओरडले, बिळं मोठी झाली की तिथूनच बांध फुटतो म्हणून. ओहोटी लागलेली होतीच. नदीची रेघ उतरत उतरत पोंयच्या रेघेखाली गेली आणि मुलं दाराकडे बघत बसली. सगळ्यांना वाटलं, आता आजोबा उठतील. कुणीच उठलं नाही. आधी झडपेच्या कडेने नुसता पाण्याचा पापुद्रा आला, मग लाकूड कुरकुरलं आणि झडप हळूच पुढे झाली. तेवीस पोरं एकदम ओरडली. मीही.

@मानशीकडचा, तुम्ही सगळं लिहिलं होतंत, तरी मी तोवर ते समजले नव्हते.

आता अडचण. मानशीला दोन झडपा आहेत. एक मिटायची-उघडायची ती वर सांगितली. दुसरी आम्ही पोचलो तेव्हापासून उघडीच होती, भरतीचं पाणी असतानाही. एका मुलीने वाकून पाहिलं, तर खाली लाकडाची पाचर. "बाई, ही कोणी घातली?" मी आजोबांकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते. ज्यांची पावणी आहे ते याच गावातले, त्यांची नात माझ्या दुसरीत आहे.

मुलांनी वहीत लिहिलंय: "दार २, पाचर आहे, पाणी आत येते." पंचायतीत जाणाऱ्या प्रतीत हे ठेवू की काढू? खरंच विचारतेय.

चिंबलची_चिंच | २१ फेब्रुवारी, रात्री ८:५५

ठेवा.

म्हापशेकर | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१०

बाईंना त्याच गावात रोज जायचंय हो, आपण इथून "ठेवा" म्हणायला काय जातं. त्या मुलीच्या घरी आधी जाऊन बोलता आलं तर बघा.

मानशीकडचा | २१ फेब्रुवारी, रात्री ११:५०

म्हापशेकरांचं बरोबर. आधी घरी जा, चहा घ्या, वही दाखवा. बोलू नका काही, नुसती वही पुढे करा. पुढच्या उधाणाआधी पाचर निघाली तर पानावर तारीख घालून लिहा, "पाचर काढली." नाही निघाली तर आहे तसं पाठवा.

कुणाचं नाव घालू नका. दाराचं चित्र मात्र हवं, पाचरीसकट. आणि ते त्याच पोराकडून काढून घ्या.